वाट न पाहण्याची रीत

शनिवार, २५ ऑक्टोबर २०२५

कालच्या पानावरची एक चूक आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की देवदत्त सरांनी मला या कामासाठी मुंबईला बोलावून घेतलं. हे खरं नाही. मी त्यांना तीन ई-मेल पाठवल्या. चौथीला त्यांचं उत्तर आलं की यायचं तर या, राहण्याजेवणाचं तुमचं तुम्ही बघा. याला बोलावणं म्हणत नाहीत. निदान रोजनिशीत तरी फुशारकी नको.

पण आले, आणि आनंदात आहे. विलेपार्ले पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली आहे. स्वच्छ आहे. समोरच्या इमारतीत दिवाळीचे कंदील अजून लटकताहेत. लावताना चढाओढ झाली असेल, काढायला कुणी नाही. घरमालकीण बाईंनी मऊ पडलेल्या चकल्यांची बशी दिली आणि तू काय करतेस गं, असं विचारलं. मी सांगितलं. त्यांना काही कळलं नाही. त्यांनी बशी परत मागितली.

इथेही एकदा स्वच्छ लिहून ठेवते. अंधेरीतल्या एका बंद पडलेल्या ऑफिसने एकाच बनावटीचे चोवीस जुने संगणक दान दिले. असे हजारो संगणक उपनगरांतल्या शाळांत आणि वाचनालयांत धूळ खात पडले आहेत. त्यांत कुठली ऑपरेटिंग सिस्टिम घातली तर ते सगळ्यात चपळ चालतील, हे कुणी नीट तपासलेलं नाही. विकणाऱ्या कंपन्या आपली आरती आपणच ओवाळतात. म्हणून सरांनी स्वयंसेवक जमवले. प्रत्येकाच्या घरी एक संगणक. रोज सकाळी दहाला तो चालू करायचा, बटण दाबल्यापासून पडदा कामाला तयार होईपर्यंत किती सेकंद लागतात ते स्टॉपवॉचने मोजायचं आणि गटावर पाठवायचं. पहिला आठवडा विकतची सिस्टिम, पुढचे दोन आठवडे फुकटच्या दोन. एकवीस दिवस. तेवीस स्वयंसेवक, आणि चोवीसावा संगणक माझ्याकडे. आकडे जमवणं, पडताळणं आणि माणसांना शिस्त लावणं हे माझं काम.

हे मोजमाप संगणकालाच का करू देत नाही, असं मीही विचारलं होतं. सर म्हणाले, विद्यार्थ्याला स्वतःचा पेपर तपासायला देतात का? मला ते उत्तर फार आवडलं. हे वाक्य माझ्या वडिलांचं, अप्पांचं, असू शकलं असतं.

सोमवार, २७ ऑक्टोबर

पहिला दिवस. माणसांबद्दल माझं मत आधीच फार चांगलं नव्हतं. आता आकडेवारी हाताशी आहे.

अकराजणांनी दहा वाजता मोजलंच नाही. चौघांनी सेकंदांच्या जागी ‘फास्ट’ लिहिलं. एकाने स्टॉपवॉचचा फोटो पाठवला, त्यात स्टॉपवॉचपेक्षा त्याचा अंगठा मोठा. घाटकोपरच्या धवलने पन्नास लिहिलं. नेमके पन्नास? तर म्हणाला, अगं पन्नासच्या आसपास ना, ऑलिम्पिकला पाठवायचंय का डब्याला? हा मुलगा मोबाइलची अ‍ॅप बनवतो आणि त्याचा पगार माझ्या कल्पनेपलीकडचा आहे. देशाची वाट का लागली ते समजतं.

मुलुंडच्या जयंतीकाकू महापालिकेच्या शाळेतून क्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांचा आकडा होता ‘एक मिनिट, थोडं वर’. थोडं म्हणजे किती, असं मी फोन करून विचारलं. तर म्हणाल्या, अगो दूध वर आलं ना, ते उतरवून आले तर हे आधीच चालू झालेलं. मागून काकांचा, अनंतकाकांचा, आवाज येत होता की दूध महत्त्वाचं गो, दूध. दोघंही हसत होते. त्यांचा संगणक सगळ्यांत मरतुकडा आहे, तपासणीत त्याला सत्तर सेकंद लागले होते. पण हे मी त्यांना सांगितलं नाही. ज्याला मोजायचं नाही त्याला उत्तरही कशाला द्या.

मी पाचवीपर्यंत शाळेत गेले नाही. अप्पांनी घरीच शिकवलं. ते चिपळूणला कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होते. अंकगणिताआधी त्यांनी मला सेकंद शिकवला. चूक म्हणजे आळस, आणि आळस म्हणजे खोटेपणा, असं ते म्हणत. दुधासाठी उठणारी माणसं आमच्याकडे नव्हती.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

अप्पांची रीत एका पानाच्या पत्रकात उतरवली, गटावर टाकली आणि दुपारी चार वाजता सगळ्यांना व्हिडिओवर शिकवली. तेवीसपैकी बावीस आले. धवलने कळवलं की त्याचा क्लाएंट कॉल आहे.

रीत सोपी आहे. पडद्याकडे बघायचं नाही, खूण जिथे उमटणार त्या रिकाम्या जागेकडे बघायचं. श्वास लांब सोडायचा आणि सोडलेलाच ठेवायचा. आणि वाट बघायची नाही. घडायचं ते घडून गेलेलं आहे, असं मनाशी पक्कं धरायचं. मग बोट आपोआप नेमक्या क्षणी पडतं. वाट बघणारा माणूस नेहमी उशिरा पोचतो, हे अप्पांचं वाक्य मी पत्रकाच्या तळाशी घातलं.

अर्धा तास सराव घेतला. सुरुवातीला खिदळणं. जयंतीकाकूंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, हे तर शवासन झालं. शेवटी मात्र सगळे गप्प झाले. बावीस चौकटींत बावीस शांत चेहरे. मला फार बरं वाटलं.

बुधवार, २९ ऑक्टोबर

जयंतीकाकूंचा आकडा: ४१.४. दशांशासह!

तासाभरात आणखी सहाजणांचा तोच आला. योगायोग. पण बाकीच्यांचेही आता चाळिशीच्या जवळ आणि नीटनेटके आहेत. ‘फास्ट’ लिहिणारेही सुधारले.

धवलचा आकडा पंचेचाळीस. मी त्याला गटातून काढून टाकलं आणि सगळ्यांच्या देखत लिहिलं की ज्यांना नेमकेपणाचं वावडं आहे त्यांनी आपला अंदाज भाजीबाजारात वापरावा. काहींनी शाबासकीचे अंगठे पाठवले. नंतर त्याने मला वेगळा संदेश पाठवला की झकास, बघून घेईन तुझी रीत. हसणारं चित्र नव्हतं. सवयीने ते प्रत्येक वाक्यानंतर असतं.

शनिवार, १ नोव्हेंबर

तीन दिवस मी हे लिहायचं टाळलं. बावीसही जणांचा आकडा रोज एकच येतो.

गुरुवारी ३९.१. काल ३६.८. आज ३४.५. बोरिवली असो, मुलुंड असो. सगळ्यांचा तोच, आणि रोज २.३ ने कमी.

हे अशक्य आहे. एका बनावटीची असली तरी ही यंत्रं म्हातारी आहेत, प्रत्येकाचं दुखणं वेगळं. म्हणजे हे लोक एकमेकांचे आकडे उतरवून घेताहेत. सकाळी कुणीतरी एक बनवतो आणि बाकीचे कॉपी मारतात. सार्वजनिक कामासाठी फुकट वेळ देणारी माणसं, आणि त्यातही लबाडी. मी आज प्रत्येकाला फोन केला. सगळ्यांनी शांतपणे सांगितलं की मोजलं. कुणी चिडलं नाही. एकानेही मला उलट बोलून दाखवलं नाही. मुंबईत हे विचित्र आहे.

नोंद पूर्ण असावी म्हणून लिहिते. माझ्या संगणकाचाही आकडा आज ३४.५ आला. मी कुणाचा उतरवला नव्हता.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आज न कळवता मुलुंडला जयंतीकाकूंकडे गेले. कॉपी पकडायची होती.

बेलकडे हात नेला आणि दार उघडलं. काकू म्हणाल्या, दोनदा कशाला वाजवलीस? मी एकदाही वाजवली नव्हती.

अनंतकाका खुर्चीत बसले होते. देवगडकडचे, बोलके. त्यांचे वडील गिरणीत होते, हे स्वतः एका औषधांच्या गोदामात होते. दोन वर्षांपूर्वी हृदयाचा त्रास झाला, तेव्हापासून गोळ्या काकूंच्या हातून. मला बघून म्हणाले, गो बाय, बरा झाला तू इलंस, माका चाय गावत नाय. कप ठेवता आणि पिऊच्या आधी उचलता. वर माकाच सांगता, तुमी प्यालास.

मी हसले. मग काकूंनी मला चहा दिला. मी रुमाल काढेपर्यंत त्यांनी भरलेला कप उचलला, नळाखाली उपडा केला, विसळून ठेवला. साखर जास्त झाली नाही ना, असं विचारलं.

दहा वाजले. काकू संगणकासमोर बसल्या. पाठ ताठ, डोळे पडद्यावरच्या एका रिकाम्या जागी. बटण दाबलं. श्वास सोडला आणि परत घेतला नाही. मी माझं घड्याळ लावलं. पडदा काळा होता. काळाच राहिला. मग त्यांचं बोट पडलं आणि त्यांनी वहीत २५.३ लिहिलं.

माझ्याही घड्याळात २५.३.

संगणकाची वायर भिंतीतून काढून गुंडाळून कपाटावर ठेवली होती. तिच्यावर धूळ बसली होती.

काकू, हे बंद आहे, असं मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती. धवलचे पन्नास बघताना माझीच तशी होती. म्हणाल्या, चालू कशाला करायचं गं? होणारच आहे ना. तूच शिकवलंस.

निघताना काकांच्या गोळ्यांबद्दल विचारलं. दिल्या की, काकू म्हणाल्या. काका मागून मान हलवत होते. नाही, नाही. मी पाकीट बघून सकाळच्या दोन स्वतः दिल्या. काकूंनी अडवलं नाही. माझ्याकडे पाहून कीव आल्यासारखं हसल्या.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आकडा २०.७.

गणित करायला फार वेळ लागत नाही. रोज २.३ कमी होत गेलं तर रविवारी, सोळा तारखेला, शून्य.

कालपासून मी आठ घरी गेले. हे लोक वेडे झालेले नाहीत. नीट कपडे घालतात, नीट बोलतात. फक्त त्यांच्या लेखी पुढचं आधीच होऊन गेलेलं असतं. बोरिवलीच्या एका बाईंनी मुलीला शाळेतून आणलं नाही, कारण आणलं होतं. मुलगी दोन तास फाटकात उभी. सांताक्रूझला वाकोल्यात एकजण रस्ता ओलांडताना थांबला नाही. ओलांडून झाला होता म्हणे. पाय प्लास्टरमध्ये आहे आणि चेहरा आनंदी. हे फक्त पुढच्या वीस सेकंदांपुरतं नाही. आकड्यात वीस सेकंदच उरलेत. जसजसा आकडा उतरतो तसतसं त्यांना करण्यासारखं कमी उरतं. शून्यावर काय उरेल? जेवण जेवून झालेलं. श्वासही घेऊन झालेला.

सरांकडे गेले. एका वाचनालयाच्या सभागृहात एकटे बसले होते. मी तोंड उघडण्याआधी म्हणाले, नाही, थांबवता येणार नाही. आकडे इतके देखणे आहेत की जगात कुठे असे निघाले नसतील. सोळाला सकाळी अकरा वाजता सगळे इथे जमतील, शेवटचं मोजमाप एकत्र होईल, आणि ते होताच तुझं पत्रक पुढच्या तुकडीला जाईल. पुणे, नाशिक, नागपूर. तीनशे चाळीस लोक.

मग म्हणाले, रडून झालं असेल तर तोंड धुऊन घे.

मी रडले नव्हते. जिन्यात आल्यावर रडले.

रविवार, ९ नोव्हेंबर

१६.१.

आईला फोन केला. सगळं सांगितलं. मला वाटलं ती घाबरेल. ती चिडली. तुम्ही बाप-लेक सारखेच, म्हणाली, घासलेल्या भांड्यावर पाण्याचा थेंब राहिला तर घराला सुतक. मग म्हणाली, त्यांची रीत लोकांना दिलीस, आणि तीट कुठे ठेवलीस?

मला आधी आठवेना. मग आठवलं. मग मी खोटं बोलले की मला माहीत नाही.

आईने सांगितलं ते असं. मी जन्मायच्या आधी अप्पांनी कॉलेजातल्या सहा विद्यार्थ्यांना ही रीत शिकवली होती. सहाही जणांचे आकडे एक येऊ लागले. अप्पा खूश. माझा जन्म झाला तेव्हा ते दवाखान्यात आलेच नाहीत. विचारलं तर म्हणाले, पाहून आलो की, गोरी आहे. सहातल्या एकाने खाणं सोडलं. तेव्हा अप्पांची थोरली बहीण, द्रौपदीआत्या, चौथी शिकलेली बाई, त्यांना हाताला धरून प्रयोगशाळेत घेऊन गेली. त्या सहाजणांच्या देखत तिने त्यांना फळ्यावर एक आकडा चुकीचा लिहायला लावला. चुकीचा आहे हे माहीत असताना. ती म्हणाली होती, लेकरू फार देखणं झालं की गालाला काजळ लावतात, तुझ्या मोजण्याला नको? अप्पा तासभर फळ्यासमोर घामाने भिजत उभे होते. शेवटी लिहिला. मागे बसलेला एक मुलगा हसला, आणि मग सगळेच जेवायला गेले.

आई म्हणाली, ज्याने शिकवलं त्यानेच चुकायचं, जाणूनबुजून, शिकलेल्यांच्या समोर उभं राहून. फोनवरून चालत नाही. आणि पुढे रोज एक.

आता या वहीत जे मी लपवलं ते लिहिते. अप्पांच्या वहीच्या पहिल्याच पानावर ती ओळ होती. ‘रोज एक आकडा चुकीचा लिहावा. तीट.’ पत्रक करताना मी ती गाळली. अंधश्रद्धा वाटली, लाज वाटली, सर काय म्हणतील असं वाटलं. एवढंच नाही. अप्पा गेल्यावर त्यांच्या चारही वह्या मी लाल पेनने तपासल्या होत्या. रोजची एकेक चूक शोधून दुरुस्त केली होती. दोन महिने लागले. मला वाटलं होतं, मी त्यांची सेवा करते आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

११.५.

गटावर मुद्दाम चुकीचा आकडा लिहून पाहिला. काही झालं नाही. आई बरोबर आहे, समोर उभं राहावं लागेल. आणि सगळे समोर येणार रविवारीच.

पण माझा स्वतःवर भरवसा नाही. मला मदत हवी होती. चुकणारा माणूस हवा होता. आयुष्यात पहिल्यांदा. मग धवल आठवला. पन्नासच्या आसपास. पंचेचाळीस. सगळ्या उपनगरांतला एकमेव ढिसाळ माणूस, आणि मी त्याला हाकलून दिलेलं. घाटकोपरपर्यंत मी माफीची वाक्यं जुळवत गेले. तो खिल्ली उडवेल, उडवू दे. काय गं घड्याळवाली, आली ना वठणीवर, असं म्हणेल. म्हणू दे. मी त्याला सांगणार होते की तू माझ्या शेजारी उभा राहा, मला हसव, मला ढकल, काहीही कर.

मजला चढले. दार उघडंच होतं.

तो पाठ ताठ करून बसला होता. टेबलावर माझं पत्रक, घडीवर चिकटपट्टी लावलेलं. शेजारी वही. एकोणतीस ऑक्टोबरपासून रोजचे आकडे. आधी पंचेचाळीस, चौरेचाळीस, खाडाखोड, शिव्या. मग सहा तारखेला २३.०. मग आमच्याबरोबर. आज ११.५.

मला दाखवून द्यायचं होतं त्याला. म्हणून सराव केला. मी भाजीबाजार म्हटलं म्हणून.

मी काहीच बोलले नव्हते. तो म्हणाला, सॉरी म्हणून झालं ना तुझं? मग जा ना यार. आवाज त्याचाच. हसू नाही. हसून झालं असावं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

६.९

रोज सकाळी मुलुंडला जाते. काकांना गोळ्या देते, चहा हातात धरून पाजते. काल शेजारच्या तेजलताईंना सांगितलं की त्यांना दोन दिवस तुमच्याकडे ठेवा. त्या तयार झाल्या. काका नाही म्हणाले. ह्या माझा घर, ही माझी बायल, तिका टाकून खंय जाऊ?

आज काकूंच्या कपाळाला कुंकू नव्हतं. गळा मोकळा.

भिंतीवर काकांचा फोटो. नवी चौकट. हार ताजा, झेंडूचा. समोर निरांजन.

त्या फोटोखालच्या खुर्चीत काका बसलेले. ते तिला हाक मारत होते. जया, गो जया, माका दिसतंय नाय काय तुका? ती त्यांच्या अंगावरून हात नेऊन फोटोवरची धूळ पुसत होती. मला म्हणाली, बरं केलंस आलीस, त्यांना तू फार आवडायचीस. त्रास झाला नाही हो. झोपेतच.

कधी, असं मी विचारलं. म्हणजे कधीचं धरून बसल्यात ते तरी कळावं.

रविवारी, म्हणाल्या. अकराच्या सुमारास.

काका ऐकत होते. त्यांनी माझा हात धरला. हात थंड. मग एवढंच विचारलं, गो बाय, ता खरा?

नाही म्हटलं. ओरडून म्हटलं. काकूंनी मला पाणी आणून दिलं आणि पिण्याआधी—

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

४.६

सकाळी मुलुंडला गेले, काकांना दोन्ही गोळ्या दिल्या, चहा पाजला, ते देवगडच्या हापूसबद्दल बोलले, परत आले.

वरचं वाक्य नऊ वाजता लिहिलं.

आत्ता साडेदहा. गोळ्यांचं पाकीट माझ्या टेबलावर आहे. काल काकांकडून घेतलं होतं, नवं आणायचं म्हणून. दोन्ही गोळ्या आत आहेत. चपला दारामागे, रात्री ठेवल्या तशाच. केस विंचरलेले नाहीत.

मी गेलेच नाही.

धावत निघते आहे. धावत— आत्ता खरंच उठले आहे. हे लिहिणारा हात उभ्याने लिहितोय. म्हणून अक्षर वाकडं.

नंतर. दिल्या. तेजलताईंना विचारून खात्री केली. दोनदा विचारलं. त्या म्हणाल्या, दिल्यास गं बाई, माझ्या डोळ्यांदेखत. त्या वैतागल्या. वैतागणारा माणूस किती छान दिसतो. फोटो पाहिल्यापासून काका कबूल झालेत, परवापर्यंत त्यांच्याकडे राहतील. परवा अकराला काय होतं ते माझ्यावर.

शनिवार, १५ नोव्हेंबर

२.३

घरमालकीण बाईंनी विचारलं की कार्यक्रम कसा झाला? मी सांगितलं, छान झाला. सभागृह भरलं होतं, मी फळ्यावर आकडा चुकीचा लिहिला, सरांच्या तोंडाचा रंग गेला, धवल आधी हसला, मग काकूंनी काकांसाठी—

बाई म्हणाल्या, अगं पण ते उद्या आहे ना?

हो. उद्या आहे.

मला सगळं आठवतंय. खडूची भुकटी. धवलचं हसणं. इतकं नीट आठवतंय की जायची गरज वाटत नाही. मन स्वस्थ आहे. अंघोळ करून झोपावं असं—

नाही. झालेलं नाही. मी मूर्ख आहे, गर्विष्ठ आहे, दूध उतरवायला उठणाऱ्या बाईला मी हसले. झालेलं नाही. बाईंना सांगून ठेवलं आहे की उद्या दहाला मला बाहेर काढा, मी गेले म्हटलं तरी ऐकू नका, हाताला धरा. त्या म्हणाल्या, काय बाई एकेक पोरी. पण हो म्हणाल्या.

तेवीसजण तिथे असतील. काका तेजलताईंकडे खिडकीत बसतील. तीनशे चाळीस लोकांना अजून काही माहीत नाही.

भिंतीवर लिहिलं. तळहातावर लिहिलं. इथे लिहिते. अजून व्हायचं आहे. अजून व्हायचं आहे. मी जाणार आहे, चुकणार आहे, सगळ्यांच्या समोर. रविवार, सोळा नोव्हेंबर, सकाळी अकरा वा—